जर्सीची मुलगी मिशिगनला परकी कशी?

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरात बारावीचं मूल आहे, तिथे जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघत नाही. कॉलेजांची पत्रं आलेली असतात आणि १ मेच्या आत कुठेतरी एका ठिकाणी होकार कळवायचा असतो. अशाच एका संध्याकाळी मी आमच्या स्नेह्यांकडे होतो. त्यांच्या लेकीला दोन विद्यापीठांनी घेतलं होतं. एक घराजवळचं रटगर्स, दुसरं ॲन आर्बरचं युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन. लॅपटॉपवर दोन्हींचे आकडे उघडे होते. रटगर्सची वर्षाची फी १८ हजार डॉलरच्या आसपास, मिशिगनची ६० हजारांच्या वर. राहण्याखाण्याचा खर्च वेगळाच. मग तिच्या बाबांची नजर मिशिगनच्या पानावरच्या दुसऱ्या रकान्याकडे गेली. मिशिगन राज्यातल्याच डेट्रॉइटच्या मुलाला तेच वर्ग, तेच प्राध्यापक, तीच लायब्ररी आणि फी सुमारे १८ हजार.

"अहो, एकाच देशात राहतो ना आपण? मग जर्सीची मुलगी मिशिगनला परकी कशी?"

प्रश्न अगदी रास्त होता. वर्षाला ४२ हजारांचा फरक म्हणजे चार वर्षांत १ लाख ६८ हजार डॉलर. रुपयांत मोजायचं तर दीड कोटीच्या घरात. एवढी रक्कम फक्त पत्त्यावरून ठरत असेल, तर त्या पत्त्यामागे काय आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट अशी, की देश एक असला तरी विद्यापीठ राज्याचं आहे. आपल्याकडे दिल्लीच्या पैशावर चालणारी केंद्रीय विद्यापीठं आहेत, आयआयटी आहेत. अमेरिकेत लष्करी अकादम्यांसारखे थोडे अपवाद सोडले, तर केंद्र सरकार स्वतः कॉलेज चालवत नाही. तिथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे तो विषय राज्यांकडे राहिला. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनच्या सहीने मॉरिल कायदा झाला. त्यातही केंद्राने कॉलेजं काढली नाहीत, जमीन दिली. संसदेतल्या प्रत्येक सदस्यामागे ३० हजार एकर, या हिशेबाने राज्यांना जमीन मिळाली. ती विकून राज्यांनी शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं उभी करायची होती. ही जमीन आली कुठून, तर बहुतेक मूळ रहिवाशांकडून घेतलेली, हेही इथे सांगायला हवं. १७६६ साली खासगी कॉलेज म्हणून सुरू झालेल्या रटगर्सला याच योजनेत १८६४ साली न्यू जर्सीच्या वाट्याचा लाभ मिळाला आणि १९४५ मध्ये ते अधिकृतपणे राज्याचं विद्यापीठ झालं.

ज्याने बांधलं त्याच्या लेकरांसाठी, हा विचार तेव्हापासूनच होता. कॅलिफोर्निया विद्यापीठ स्थापन करणाऱ्या १८६८ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की उत्पन्न पुरेसं झालं की राज्याच्या सर्व रहिवाशांना प्रवेश आणि शिक्षण मोफत असेल. बाहेरच्यांना असं कोणतंही वचन नव्हतं.

हे मी आमच्या स्नेह्यांना सोसायटीच्या हॉलचं उदाहरण देऊन सांगितलं. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत हॉलचे दोन दर असतात. सभासदाला मुंजीसाठी हॉल हवा असेल तर भाडं कमी, बाहेरच्याला जास्त. सभासद कुरकुरत नाही, कारण तो महिन्याच्या महिन्याला मेंटेनन्स भरतो, हॉलच्या छपरासाठी आणि पंख्यांसाठी त्याने आधीच पैसे दिलेत. बाहेरचा माणूस त्या दिवसापुरता येतो, म्हणून त्याच्याकडून त्या दिवसाचा पूर्ण खर्च घेतला जातो.

राज्याचं विद्यापीठही असंच चालतं. राज्याची विधानसभा दरवर्षी बजेटमध्ये विद्यापीठाला रक्कम देते. ती राज्याच्या करांतून येते. त्या रकमेच्या बदल्यात विद्यापीठाने राज्यातल्या मुलांना कमी फीत शिकवायचं. म्हणजे १८ हजार हा सवलतीचा दर आहे आणि सवलतीचे पैसे मिशिगनच्या करदात्याने भरलेत. जर्सीच्या बाबांनी भरलेला कर न्यू जर्सीच्या राजधानीला, ट्रेंटनला गेला, मिशिगनच्या राजधानीला, लान्सिंगला, गेला नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बिलावर हे उघडच दिसतं. राज्यातल्या मुलाच्या आणि बाहेरच्या मुलाच्या बिलात मूळ फीची ओळ एकच असते, २०२५-२६ मध्ये नव्याने आलेल्यांसाठी सगळं मिळून १५ हजार डॉलरच्या आसपास. बाहेरच्याच्या बिलात खाली आणखी एक ओळ येते, अनिवासी विद्यार्थ्याच्या जादा शुल्काची: ३७,६०२ डॉलर. आदल्या वर्षी हीच ओळ ३४,२०० ची होती. एका वर्षात १० टक्के वाढ.

इथवर हिशेब पटतो. अनेक लेख इथेच थांबतात. मला मात्र कराचं हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं.

समजा, एक कुटुंब गेल्या वर्षी ओहायोहून मिशिगनला राहायला आलं. त्यांनी मिशिगनला जेमतेम वर्षाचा कर दिला, तरी मुलीला १८ हजारांचा दर मिळेल. दुसरं कुटुंब २५ वर्षं मिशिगनमध्ये राहिलं, कर भरला, आणि मुलगा दहावीत असताना नोकरीसाठी शिकागोला गेलं. त्या मुलाला ६० हजार. कर किती भरला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. टेक्सास आणि फ्लोरिडात तर राज्याचा वैयक्तिक आयकरच नाही. तिथलं सरकार मुख्यतः विक्रीकरावर चालतं, आणि बाहेरगावचा विद्यार्थीही दुकानात गेला की तो कर भरतोच. प्रत्यक्षात राज्य एवढंच विचारतं, की तुम्ही आमचे आहात का आणि इथेच राहणार आहात का. कर हा त्याचा फक्त एक पुरावा.

"आमचा कोण" हे कसं ठरवायचं, यावर कोर्टात बरंच झगडून झालंय. १९६९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नव्याने राज्यात आलेल्या गरिबाला सरकारी मदतीसाठी वर्षभर थांबवणं घटनेविरुद्ध आहे, कारण प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाऊन राहायचा हक्क आहे. साहजिकच प्रश्न आला, मग फीच्या सवलतीसाठी वर्षभर का थांबवता? मिनेसोटाचं असं प्रकरण वर गेलं आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका वर्षाची अट कायम ठेवली. भाकरी आणि कॉलेजची सवलत यांत कोर्टाने फरक केला. म्हणूनच आज बहुतेक राज्यांत बारा महिन्यांचा नियम दिसतो.

१९७३ चा कनेक्टिकटचा खटला मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. मार्गारेट क्लाइन ही विद्यार्थिनी कॅलिफोर्नियाची. लग्न करून कनेक्टिकटला आली, नवरा तिथलाच. तिने तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, गाडीची नोंदणी केली, मतदार यादीत नाव घातलं. पण अर्ज केला तेव्हा तिचा पत्ता बाहेरचा होता. राज्याचा कायदा असा, की अर्जाच्या वेळी जो बाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच. सुप्रीम कोर्टाने तो नियम मोडीत काढला. बाहेरच्यांकडून जास्त फी घ्यायला कोर्टाची हरकत नव्हती. आक्षेप एवढाच होता, की माणसाला आपण इथले झालो हे सिद्ध करायची संधीच न देणं चुकीचं. आज प्रत्येक राज्य विद्यापीठात रहिवासी दर्जाचा वेगळा अर्ज आणि अपिलाची सोय दिसते, त्याला या निकालाचा मोठा आधार आहे.

हा वाद आपल्यालाही नवा नाही. १९५५ साली भारताच्या सुप्रीम कोर्टापुढे इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजचं प्रकरण आलं होतं. तेव्हाच्या मध्य भारत राज्यातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ आणि बाहेरच्यांना वर्षाला १,५०० रुपये, असा तिथला नियम. दिल्लीच्या डी. पी. जोशी यांनी त्याला आव्हान दिलं. जन्मस्थानावरून भेदभाव नको असं आपली घटना सांगते, हा त्यांचा मुद्दा. बहुमताच्या निकालात कोर्ट म्हणालं, की जन्माचं ठिकाण वेगळं आणि राहण्याचं ठिकाण वेगळं. राज्याने आपल्या रहिवाशांना फीची सवलत दिली तर घटनाभंग होत नाही. पुढे आपल्याकडे ही भिंत मुख्यतः जागांमध्ये उभी राहिली. सरकारी मेडिकलला एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ टक्के राज्याकडे. म्हणून आपल्याला डोमिसाइलच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं. अमेरिकेत दार बरंचसं उघडं असतं, पण आत जायची किंमत वेगळी. दोन्हीकडे प्रश्न तोच.

आता पुन्हा हॉलकडे येऊ. समजा, सोसायटीची गंगाजळी आटली. रंगकाम राहिलंय, लिफ्ट दुरुस्त करायचीय, मेंटेनन्स वाढवायला सभासद तयार नाहीत. मग कमिटी काय करते? लग्नसराईत हॉल बाहेरच्यांना द्यायला लागते. बाहेरच्याचं भाडं खर्चापुरतं न ठेवता, बाजारात जेवढं मिळेल तेवढं लावते. आणि एक दिवस सभासद येतो आणि विचारतो, "माझ्या मुलीच्या लग्नाच्या तिथीला हॉल का नाही?"

२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत नेमकं हेच झालं. राज्यांचं उत्पन्न घटलं. तुरुंग आणि आरोग्याचा खर्च कापता येत नव्हता, विद्यापीठांचा आला. विद्यापीठांना फी वाढवायची मुभा होती, पण राज्यातल्या मुलांची फी फार वाढवली की राजकीय ओरड होते. बाहेरच्या मुलाच्या आईवडिलांचं या राज्यात मत नसतं. त्यामुळे नामांकित विद्यापीठांनी बाहेरची मुलं वाढवली. मिशिगनला आज पदवीचे जवळपास निम्मे विद्यार्थी बाहेरचे आहेत. व्हरमाँट हे छोटं राज्य, तिथल्या राज्य विद्यापीठात बाहेरच्यांचीच बहुसंख्या. अलाबामातही निम्म्याहून अधिक, आणि त्यांना ओढायला विद्यापीठ मोठमोठ्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या देतं. म्हणजे छापील दर चढा आणि हुशार मुलाला प्रत्यक्षात बरीच सूट.

कॅलिफोर्नियात २०१६ साली राज्याच्या ऑडिटरने अहवाल दिला, की बाहेरची मुलं घेण्याच्या नादात विद्यापीठाने राज्यातल्या मुलांचं नुकसान केलं. सभासदाच्या मुलीला तिथी मिळाली नाही ती ही. विद्यापीठाचं म्हणणं, की बाहेरच्यांच्या पैशातूनच आम्ही आतल्यांच्या जागा टिकवल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण मूळ दोष पैसे काढून घेणाऱ्या विधानसभांचा आहे असं मला वाटतं. २०१७ मध्ये तिथे बहुतेक कॅम्पससाठी बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा आली. नॉर्थ कॅरोलायनाने तर १९८६ पासूनच चॅपल हिल इथल्या आपल्या मुख्य विद्यापीठाच्या पहिल्या वर्षासाठी १८ टक्क्यांची रेघ आखली होती. म्हणून तिथे बाहेरून प्रवेश मिळणं इतकं अवघड.

तर जर्सीच्या मुलीसाठी मिशिगनच्या ६० हजारांत दोन गोष्टी आहेत. एक, मिशिगनच्या करदात्याने तिच्यासाठी न भरलेला वाटा. दुसरी, विद्यापीठाची बाजारातली किंमत, जी त्या वाट्याच्या बरीच वर गेलीय. बाबांचा राग या दुसऱ्या भागावर होता, आणि तो मला चुकीचा वाटला नाही.

"माझी मावशी डेट्रॉइटजवळ राहते. तिचा पत्ता दिला तर?" लेकीने विचारलं. हा प्रश्न दर घरात निघतो. उत्तर सरळ आहे: चालत नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं घर म्हणजे आईवडिलांचं घर. मावशीकडे वर्षभर राहिलं तरी, फक्त शिकायला आलेल्याचा मुक्काम धरत नाहीत. विद्यापीठ आईवडिलांचं टॅक्स रिटर्न, लायसन्स, मतदार नोंदणी, घराचा करार असं बरंच काही मागू शकतं. खोटा पत्ता उघडकीला आला तर फरक वसूल होतो, शिवाय शिस्तीची कारवाई. एवढ्या हुशार मुलीने त्या वाटेला जायचं कशाला?

आपल्या लोकांसाठी खरा काच वेगळाच आहे, आणि तो व्हिसाचा. १९८२ साली मेरीलँडच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांच्या जी-४ व्हिसावरच्या मुलांना, ते तिथलेच रहिवासी असूनही, व्हिसाचं कारण देऊन राज्याचा दर नाकारता येणार नाही. कारण या व्हिसावरच्यांना देशात कायमचं घर करायला केंद्राने मनाई केलेली नाही. नोकरदारांच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-४ व्हिसावरही अशी मनाई नाही, त्यामुळे अनेक राज्यांत एच-४ वरच्या मुलाला रहिवासी दर मिळू शकतो. पण मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की तोवर आईवडिलांचा नंबर लागलेलाच नसतो. मुलाला विद्यार्थ्याचा एफ-१ घ्यावा लागतो, आणि एफ-१ म्हणजे शिक्षण संपलं की परत जाणार असं कायदा मानतो. बहुतेक ठिकाणी त्या दिवसापासून तो बाहेरचा. चौथ्या वर्षी आईचं बोट धरून आलेला, बालवाडीपासून बारावीपर्यंत त्याच गावात शिकलेला मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात कागदोपत्री परका होतो, आणि आईवडील तोवर सतरा वर्षं त्याच राज्यात कर भरत असतात. करदात्याचा वाटा या तत्त्वावर हे कुठेच बसत नाही. हे बदलायलाच हवं.

पुण्या-नागपूरहून एमएसला येणाऱ्या मुलांचंही या दोन दरांशी नातं आहे. ती एफ-१ वर येतात, त्यामुळे राज्य विद्यापीठात बाहेरचाच दर लागतो. पण टेक्सासच्या कायद्यात एक खिडकी आहे. स्पर्धेतून दिलेली, किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, तर विद्यापीठ बाहेरच्या मुलाला राज्याचा दर लावू शकतं. हजारापेक्षा त्या दराचीच किंमत कितीतरी मोठी. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट झालात, तर अनेक विद्यापीठं फीच माफ करतात. पीएचडीला तर बहुधा तसंच असतं. म्हणून अर्ज करताना रँकिंगच्या आधी हे विभागाला मेल करून विचारा.

पदवीच्या मुलांसाठी शेजारी राज्यांचे आपसातले करार आहेत. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन एकमेकांची मुलं साधारण घरच्या दरात शिकवतात. पश्चिमेकडच्या राज्यांच्या योजनेत बाहेरच्या मुलाकडून स्थानिक दराच्या दीडपटीपर्यंतच घेतात. न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांची आणि दक्षिणेची अशीच वेगळी व्यवस्था आहे. न्यू जर्सी मात्र यातल्या कशातच नाही, आणि तिथून बाहेर शिकायला जाणारी मुलं तर खूप. मेन या राज्याच्या विद्यापीठाने २०१६ पासून एक सुरेख गोष्ट केली: ठरावीक राज्यांतल्या पात्र मुलांना, त्यांच्या स्वतःच्या राज्याचं मुख्य विद्यापीठ जेवढी फी घेतं तेवढ्याच फीत ते शिकवतं. मेनमध्ये तरुण मंडळी कमी, राज्य म्हातारं होत चाललंय. त्यांना पैशाइतकीच माणसंही हवी आहेत.

हार्वर्ड, स्टॅनफर्डसारख्या खासगी विद्यापीठांत हा फरक नसतो. तिथे राज्याची सवलतच नसते, त्यामुळे दर सगळ्यांना सारखा, आणि मदत घरच्या उत्पन्नावरून.

रात्री साडेदहा वाजता आमच्या स्नेह्यांनी लॅपटॉप मिटला. बाबांना आता फरकाचं कारण कळलं होतं, पण ६० हजार ६० हजारच राहिले होते. लेक म्हणाली, "मिशिगनला पीएचडीला जाईन. तेव्हा तेच मला पैसे देतील." आईने तिच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी रटगर्सला होकार कळवला.